पात्यावर दाताचा कोन छापायला काय हरकत आहे?

माननीय संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या पुरवणीत काही दिवसांपूर्वी घरगुती सुतारकामाच्या यंत्रांविषयी एक लेख आला होता. गोल करवतीच्या पात्याला घरी धार लावण्याची जी स्वस्त यंत्रे हल्ली मिळतात, त्यांचा उल्लेख त्या लेखात दोनच ओळींत होता आणि ती घेणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे, अशा अर्थाचा निकालही तिथल्या तिथे दिलेला होता. माझी उभी हयात भोसरीच्या एका कारखान्यातील टूलरूममध्ये, म्हणजे हत्यारे घासण्यात आणि मोजण्यात गेली. निवृत्तीनंतर धायरीच्या घरी, गाडी लावायच्या जागेत, मी सुतारकामाचा छंद जोपासतो आणि असे एक यंत्र चार वर्षे वापरत आहे. लेखातला निकाल मला अर्धा बरोबर वाटतो. जो अर्धा चुकला आहे, त्याचा दोष यंत्राकडे कमी आणि पाती विकणाऱ्यांकडे अधिक जातो, हे सांगण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

यंत्र घेण्याची वेळ माझ्यावर वाड्यांच्या लाकडाने आणली. पेठांमधले जुने वाडे उतरवले जातात तेव्हा त्यांच्या तुळया, खांब आणि चौकटी भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटच्या आसपास विकायला येतात. तसे सागवान आज नवे म्हणून शोधून सापडायचे नाही. मात्र त्यात दोन गोष्टी दडलेल्या असतात. एक म्हणजे डोके गंजून झडलेले आणि धड आत राहिलेले खिळे, आणि दुसरी म्हणजे खुद्द सागाच्या अंगातली सिलिका, म्हणजे जवळजवळ वाळूच. खिळा चुंबक फिरवून हुडकता येतो; सिलिकेला मात्र उपाय नाही. पहिल्या वर्षी माझी तीन १० इंची पाती बोथट झाली. त्यांतले सनमाइका कापायचे ८० दातांचे चांगले पाते मी शहरातल्या एका दुकानात धारेला दिले. त्या पात्याचा एक दात दोन्ही कोपरे उतरवलेला आणि पुढचा सपाट, अशी आलटून-पालटून रचना होती. परत आले तेव्हा ऐंशीच्या ऐंशी दात एकसारखे सपाट होते. मी विचारल्यावर दुकानदारांनी बोटाने दात चाचपून, धार तर आली आहे ना, असे मलाच विचारले. पैसे दातामागे मोजून घेतात, त्यामुळे तक्रारीला हिशेबातही जागा नव्हती.

आता थोडे दातांविषयी. बाजारात सर्रास मिळणाऱ्या पात्याला टीसीटी म्हणतात; त्याचे अंग पोलादाचे असते आणि प्रत्येक दाताच्या टोकाला टंगस्टन कार्बाइडचा तुकडा चांदीमिश्रित झाळणाने बसवलेला असतो. आपले मिस्त्री लोक या तुकड्याला अजूनही 'विडिया' म्हणतात. जर्मनीत कार्ल श्रोटर यांनी १९२३ साली या मिश्रणाचे पेटंट घेतले आणि त्याच दशकात क्रुप कंपनीने 'हिऱ्यासारखे' या अर्थाच्या जर्मन शब्दांवरून 'विडिया' हे व्यापारी नाव ठेवले, ते शंभर वर्षांनीही आपल्या सुतारांच्या तोंडी टिकून आहे. कंपनीचे नाव विसरले गेले, पण शब्द राहिला, याची मला नेहमी मौज वाटते. या विडियावर कानस घसरते आणि साध्या कुरुंदाच्या दगडाला तो दाद देत नाही. आमच्या वडिलांच्या पिढीत तिकोनी कानस घेऊन ओसरीवर हातकरवतीचे दात घासत, ते कौशल्य इथे निरुपयोगी आहे. इथे हिऱ्याचे चाकच लागते.

धारेच्या आधी एक शंका फेडून घ्यावी, ती म्हणजे पाते खरोखर बोथट झाले आहे का. प्लायवुडमधला डिंक आणि ओल्या लाकडातली राळ दातांच्या कडेवर करपून बसली, तरी पाते लाकूड जाळू लागते आणि बोथट असल्यासारखेच वागते. कोमट पाण्यात धुण्याचा सोडा घालून, पाते त्यात काही मिनिटे ठेवून, नायलॉनच्या ब्रशने घासावे, लगेच कोरडे पुसावे आणि तेलाचा हात फिरवावा. रात्रभर भिजत मात्र घालू नये. माझ्याकडे शेजाऱ्यांनी आणलेल्या पात्यांपैकी बऱ्याच पात्यांचे काम एवढ्यावरच भागले. खरे बोथट पाते भिंगाखाली ओळखू येते. धारदार कड उजेडात दिसतच नाही. बोथट कड मात्र गोल झालेली असल्याने बारीक पांढऱ्या रेघेसारखी चमकते.

आता यंत्राकडे वळतो. माझे यंत्र चिनी बनावटीचे आहे. त्याची किंमत चांगल्या १० इंची चार-पाच पात्यांएवढी पडली. एक लहान मोटर, तिच्यावर १२५ मिलिमीटरचे हिऱ्याचे चाक, पाते आडवे धरणारी सरकती बैठक, दाताला टेकणारा खटका आणि कोन दाखवणारी चिकटवलेली पट्टी, एवढाच त्याचा संसार आहे. चाक मिनिटाला सुमारे २,८०० फेरे घेते, म्हणजे त्याच्या कडेचा वेग सेकंदाला १८ मीटरच्या आसपास येतो. कोरड्या घासणीला तो ठीक आहे. मोटर आणि चाक यांत मला खोट दिसली नाही. सगळी खोट आहे ती ढिलाईत. बैठक सरकताना डुलते. पाते ज्या बुशीवर बसते ती बुश २५ मिलिमीटरची, तर पात्याचे भोक २५.४ मिलिमीटरचे, त्यामुळे पाते दर खेपेला नव्या जागी बसते. कोनाची पट्टी तर मूळ जागेपासून दीड अंश हलवून चिकटवलेली निघाली. लेखकाने यंत्र खोक्यातून काढून तसेच चालवून पाहिले असेल, तर त्यांचे मत तसे का झाले, हे मी समजू शकतो.

हे दोष दुरुस्त व्हायला मला दोन दिवस लागले. ओळखीच्या लेथवाल्याकडून २५.४ आणि ३० मिलिमीटर भोकांसाठी दोन बुशी नेमक्या मापाने करून घेतल्या. थंड पेयाच्या डब्याचा पत्रा साधारण ०.१ मिलिमीटर जाड असतो. त्याच्या पट्ट्या कापून बैठकीच्या खाचेत सारल्या आणि डुलणे थांबवले. डायल इंडिकेटर, म्हणजे बारीक हेलकावे काट्यावर दाखवणारे मापयंत्र, जुन्या बाजारात एका बुधवारी मिळाला होता, तो लावून चाकाची थरथर पाहिली आणि चाक त्याच्या बैठकीवर फिरवून फिरवून कमीत कमी थरथरीच्या जागी घट्ट केले. कोनाची पट्टी उपटून टाकली. ज्यांना हे सगळे करण्याचा कंटाळा आहे, त्यांनी यंत्र घेऊ नये, या मुद्द्यावर मी लेखकाच्या बाजूने आहे.

मुख्य प्रश्न असा की घासायचे काय. दाताला दोन बाजू असतात: लाकडाकडे तोंड करून असलेली समोरची बाजू, जिला मी पोट म्हणतो, आणि वरची उतरती बाजू, म्हणजे माथा. दुकानातली मोठी यंत्रे दोन्ही बाजू घासतात. घरच्या यंत्रावर पोटच घासावे, माथ्याला हात लावू नये, असे माझे ठाम मत आहे, आणि त्यामागे साधा हिशेब आहे. १० इंची, ६० दातांचे पाते मिनिटाला ४,८०० फेरे घेत असेल आणि आपण मिनिटाला ४ मीटर या वेगाने लाकूड सरकवत असू, तर प्रत्येक दाताच्या वाट्याला ०.०१४ मिलिमीटरचा घास येतो. एखादा दात शेजाऱ्यापेक्षा ०.१ मिलिमीटरने ठेंगणा झाला, तर तो लाकडाला शिवतच नाही आणि त्याच्या मागच्या दाताला दुप्पट काम पडते. माथा घासताना झालेली ०.१ मिलिमीटरची चूक थेट उंचीत उतरते. पोट घासताना तेवढीच चूक झाली, तर माथ्याचा उतार साधारण १५ अंशांचा आणि दाताचा झुकाव तितकाच धरता, उंचीत फरक पडतो तो सुमारे ०.०३ मिलिमीटरचा. ढिल्या यंत्राचा दोष पोटाच्या घासणीत बराचसा पोटात घातला जातो. माथ्याच्या घासणीत तो डोक्यावर बसतो. शिवाय पोट घासल्याने माथ्याचे आलटून-पालटून दिलेले उतार मुळात होते तसेच राहतात, आणि माझ्या ८० दातांच्या पात्याचे जे झाले ते होत नाही.

याला मर्यादाही आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. झीज माथ्याकडून खोलवर गेली असेल, तर ती निव्वळ पोट घासून काढण्यात कार्बाइड वाया जाते. म्हणून पाते पुरते बोथट होईपर्यंत थांबू नये. कापाच्या कडेला चिप्प्या उडू लागल्या किंवा हाताला जोर जास्त लागू लागला की लगेच उतरवावे. कार्बाइडचा तुकडा साधारण २ ते ३ मिलिमीटर जाड असतो. दर खेपेला ०.१ मिलिमीटरच्या आत काम उरकले, तर दहा वेळा धार लावूनही निम्म्याच्या आसपास विडिया शिल्लक राहतो.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतले, त्या कोनाकडे येतो. पोट कोणत्या कोनात घासायचे, हे ठरते दाताच्या पुढे झुकण्यावरून, ज्याला कारागीर हूक अँगल म्हणतात. फळी उभी चिरायच्या पात्याला तो २० अंशांच्या जवळ असतो, सर्वसाधारण पात्याला १० ते १५ अंश, आणि मायटर सॉच्या, म्हणजे लाकूड हव्या त्या कोनात आडवे कापणाऱ्या करवतीच्या पात्याला शून्याच्या आसपास, काही वेळा उणे ५ अंश सुद्धा. हा कोन माहीत नसला, तर माणूस चाक अंदाजाने टेकवतो, दाताच्या पोटाला नवाच उतार देतो, आणि मग दोष यंत्राला देतो. पात्यावर व्यास छापलेला असतो, दातांची संख्या छापलेली असते, कमाल फेरे छापलेले असतात, कंपनीचे नाव तर तळहाताएवढे असते. कोन मात्र काही मोजक्या महागड्या कंपन्या सोडल्या, तर कोणीही छापत नाही. छपाईचा साचा तोच, शाई तीच. दोन आकडे अधिक छापायला किती खर्च येतो, हे एखाद्या उत्पादकाने आपल्याच स्तंभातून सांगावे. विकणाऱ्यांना विचारले की ते दुसरे पाते दाखवतात.

छापलेला नसला तरी कोन घरी काढता येतो. पाते टेबलावर आडवे ठेवावे, स्टीलची पट्टी एका दाताच्या पोटाला चपखल टेकवून ती मध्याच्या दिशेने सरळ धरावी. पट्टीची कड भोकाच्या बरोबर मध्यातून गेली, तर कोन शून्य. ती बाजूने गेली, तर मध्यबिंदूपासून त्या कडेचे लंबांतर मोजावे आणि त्याला पात्याच्या त्रिज्येने भागावे. येणारी संख्या ही कोनाची साइन. १० इंची पात्याची त्रिज्या १२७ मिलिमीटर असते. अंतर ३३ मिलिमीटर आले तर कोन १५ अंश, २२ आले तर १० अंश. दाताचे पोट जेमतेम नखाएवढे असल्याने पट्टी टेकवण्यात चूक होते, म्हणून चार-पाच दातांवर मोजून सरासरी घ्यावी. यंत्रावर जुळवताना तर अंशांशी संबंधच ठेवू नये. चाकाच्या घासणाऱ्या पृष्ठभागाच्या रेषेपासून पात्याचा मध्य तेवढ्याच मिलिमीटरवर आणावा, म्हणजे झाले. दहावीला ज्यांनी त्रिकोणमितीचा पुढे काय उपयोग म्हणून नाक मुरडले होते, त्यांना हा उपयोग दाखवता येईल. शेवटची खात्री शाईने करावी. दाताच्या पोटावर मार्करची शाई फासून, यंत्र बंद ठेवून, चाक हाताने फिरवत अलगद टेकवावे. शाई संपूर्ण पोटावरून सारखी निघाली, तर कोन जुळला. नुसती टोकाची किंवा नुसती मुळाची निघाली, तर नाही.

पुढचे काम कंटाळवाणे आणि म्हणूनच बिघडण्याजोगे आहे. पहिल्या दातावर खूण करावी, नाहीतर साठ दातांचे एकसष्ट होतात. चाक दाताला टेकवून रेटू नये. दोनदा हलकेच पुढे-मागे न्यावे आणि आवाज मंदावला की सोडावे. दात तापला तर झाळण सुटण्याआधीच कार्बाइडला तडा जाऊ शकतो, आणि तापलेल्या दातावर पाणी शिंपडणे तर त्याहून वाईट. चाक पात्याच्या पोलादाला लागू देऊ नये, कारण हिऱ्याच्या चाकात पोलाद भरले की ते कापायचे सोडून घसरू लागते. काही महागड्या पात्यांच्या पोटालाही डावा-उजवा उतार असतो. अशा वेळी एक सोडून एक असे तीस दात घासून, यंत्राची दिशा बदलून, उरलेले तीस घ्यावेत. सगळे झाल्यावर पाते करवतीवर चढवून, स्वतः पात्याच्या रेषेतून बाजूला उभे राहून, ते मिनिटभर रिकामे फिरवावे. तडा गेलेले, वाकलेले किंवा एखादा दात उडालेले पाते यंत्रावर चढवूच नये. उडालेला दात पुन्हा झाळून बसवणे आणि पात्याचा ताण ठोकून काढणे ही जाणकाराची कामे आहेत. प्लायवुड कापायला मिस्त्री लोक मार्बल कटरवर जे ४ इंची स्वस्त पाते लावतात, त्याच्याही वाटेला जाऊ नये. त्याच्यावर जाणारा वेळ त्या पात्याहून महाग आहे.

लेखात ज्याचा उल्लेख असायलाच हवा होता आणि नव्हता, तो विषय धुळीचा. विडिया घासताना उडणारी धूळ साध्या लाकडाच्या भुशासारखी नसते. ती टंगस्टन कार्बाइड आणि कोबाल्टची असते. ही धूळ वर्षानुवर्षे छातीत जाणाऱ्या कामगारांना फुप्फुसाचा एक वेगळाच, हार्ड मेटलच्या नावाने ओळखला जाणारा आजार होतो. टंगस्टन कार्बाइडसह असलेला कोबाल्ट माणसात कर्करोग घडवण्याची बरीच शक्यता असलेल्या, म्हणजे २अ गटात आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने घातलेला आहे. टूलरूममध्ये आमच्या यंत्रांवर पाण्याची धार आणि धूळ ओढणारा पंखा असे. घरच्या स्वस्त यंत्रावर दोन्ही नाहीत. मी एन ९५ मुखपट्टी आणि चश्मा लावतो, चाकाजवळ व्हॅक्यूमची नळी बांधतो, नंतर टेबल ओल्या फडक्याने पुसतो आणि ते फडके घरात नेत नाही. झाडूने झाडणे किंवा फुंकर मारणे, जे आपण सगळे सवयीने करतो, ते इथे करू नये. माझ्या यंत्रासोबत आलेल्या पत्रकात धुळीविषयी एक अक्षर नव्हते, आणि जे होते ते मराठीत नव्हते. ही यंत्रे आयात करून रविवार पेठेत आणि ऑनलाइन विकणाऱ्यांनी निदान एक पान मराठीत छापून सोबत द्यावे, एवढी अपेक्षा ठेवणे जास्त होणार नाही.

बोथट झालेली पाती आपण भंगारवाल्याला लोखंडाच्या भावाने देतो, याचीही खंत वाटते. केंद्र सरकारने २०२३ साली ज्या ३० खनिजांना देशासाठी अत्यावश्यक ठरवले, त्यांत टंगस्टन आहे आणि कोबाल्टही आहे. एका पात्यावरचा विडिया वजनाने नगण्य असतो हे खरे, पण फर्निचरच्या एकेका कारखान्यातून अशी किती पाती बाहेर पडत असतील, याचा अंदाज टिंबर मार्केटमध्ये एक फेरी मारली तरी येतो. त्यांतली बरीचशी अजून पाच-सात धारा सहज सोसणारी असतात.

पाती बनवणारे आणि विकणारे यांच्याकडे माझी मागणी एकच आहे: व्यास आणि दातसंख्येच्या शेजारी हूक अँगल छापा, आणि माथ्याची रचना कोणती आहे, तेही दोन अक्षरांत सांगा. असे झाल्यास घरी धार लावणारा चुकणार नाही आणि दातामागे पैसे घेणाऱ्या दुकानदाराला ऐंशी दात सपाट करून देण्याची सबबही उरणार नाही.

तोवर माझ्याकडच्या सात पात्यांवर मी स्वतःच न पुसल्या जाणाऱ्या शाईने कोन लिहून ठेवले आहेत. आठवे पाते मागच्या आठवड्यात बोहरी आळीतून आणले. त्याच्या खोक्यावर चार रंगांत डरकाळी फोडणारा वाघ आहे, कोन नाही.

आपला नम्र,
एक निवृत्त टूलरूम कामगार,
धायरी, पुणे